खळ्यावरची गाडी

तुमची गाडी आत्ता कुठे उभी आहे?

घराखाली, सोसायटीच्या आवारात असेल तर हा प्रश्न तुम्हाला नाही, निवांत पुढे वाचा. पण पावसाळ्यातला रविवार असेल, तुम्ही लोणावळ्याच्या आसपास कुठे टपरीवर कणीस खात असाल आणि ते भाजून होईपर्यंत हे वाचत असाल, तर एकदा मान वळवून बघा. गाडीखाली डांबर आहे, की कुणाच्या शेतात जायची वाट?

प्रश्नानेच सुरुवात केली म्हणून रागावू नका, मला लहानपणापासून तशीच सवय आहे. माझे वडील कायम कुठल्या ना कुठल्या समितीवर असायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. माझा 'क' कमळाचा नव्हता, कृती समितीचा होता. 'ज' जाहीर निषेधाचा. भाकरी बांधून द्यायची तर पत्रकात, पाहुण्यांना पोहे द्यायचे तर पत्रकावर. त्यामुळे जगात काही चुकीचं दिसलं की इतर मुली चिडतात किंवा रडतात, मी कागद शोधते.

आमचं गाव धबधब्याच्या रस्त्यावर आहे. धबधबा आमच्या गावाचा नाही, फक्त रस्ता आमच्या गावातून जातो, पण त्याचं पुण्य आम्हाला पुरेपूर मिळतं. शनिवार-रविवारी आम्ही लग्न धरत नाही, कारण वऱ्हाड पोचत नाही. दूध पहाटेच जातं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तो शुक्रवारपर्यंत आजारी पडतो. गाडीची काच खाली होते, आतून थंड हवा आणि गाणं बाहेर येतं, आणि "ए, पॉइंट किधर है" असा प्रश्न येतो. विचारणारा कधी कधी तळेगावचा असतो. आपलाच माणूस, पण सुट्टीवर निघाला की भाषा घरी ठेवून येतो.

आमची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पूर्वी रस्ता विचारणाऱ्याबरोबर वळणापर्यंत चालत जायची आमच्याकडे पद्धत होती. आता आम्ही बसल्या जागेवरून हनुवटीने दिशा दाखवतो, आणि समोरचा फारच गुर्मीत असला तर हनुवटी थोडी चुकते. गावात असे लोक आहेत ज्यांनी एका गाडीला एकाच दुपारी तीनदा त्याच पारावरून फिरवलं आहे. मी नावं सांगणार नाही, कारण त्यातले दोघे माझे मामा आहेत.

तर त्या रविवारी काकीची आवणी होती.

काकी म्हणजे माझी चुलती. तिची खाचरं रस्त्याला लागूनच आहेत, पायऱ्यांसारखी ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. आज आमच्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात आम्ही, मजुरीचा प्रश्नच नाही. पण ज्याची पाळी त्याने त्या दिवशी काम उरकायचं, कारण दुसऱ्या दिवशी सगळे हात दुसऱ्याच्या चिखलात असतात. पाळी चुकली की तुम्ही सगळ्यांच्या मागे जाता, आणि तोवर रोप म्हातारं होतं. बायकांनी तांबडं फुटल्यापासून रोपं उपटून मुठी बांधल्या होत्या. उपटलेलं रोप वाट बघत बसत नाही. काकीचं वर्षाचं भात त्या मुठींत होतं, आणि चिखलणी झाल्याशिवाय एकही मूठ लावता येणार नव्हती.

चिखलणीला माझा चुलतभाऊ पॉवर टिलर घेऊन आला होता. तो नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहे. त्याला त्या दिवशी सुट्टी होती, आणि दुपारनंतर टिलर दुसऱ्याच्या शेतात जायचा होता. शेतात जायला रस्त्यावरून एकच मोरी आहे, गटारावर टाकलेली सिमेंटची, एक वाहन जाईल एवढीच रुंद.

त्या मोरीवर एक पांढरी गाडी नुकतीच येऊन थांबली होती.

नंबर एमएच चौदा, म्हणजे आमच्याच पट्ट्यातला. बाहेरच्या राज्याचा असता तर भांडायला किती सोपं गेलं असतं. एक तरुण, त्याची बायको आणि त्याची आई उतरून छत्र्या उघडत होते. काकी जवळ गेली आणि सांगू लागली की बाबा, हितनं आमचा टिलर जायचाय. तरुण मोबाइलवर बघत म्हणाला, "पाचच मिनिटं हां, मावशी." गाडीने टुक केलं, दिवे लागले-विझले, आणि तिघे धबधब्याच्या दिशेने चालू लागले. त्याची आई दोनदा मागे वळून बघत होती, पण पोराच्या मागे गेली.

काकी टिलरपाशी परत आली. "मावशी म्हनला," ती म्हणाली, "पन मावशीकडं बघितलं न्हाई."

धबधब्याला जाणाऱ्या माणसाची पाच मिनिटं किती असतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जायला अर्धा तास, फोटो काढायला जन्म, आणि येताना भजी.

मी अर्थातच कागद शोधला. वडिलांच्या एका जुन्या पत्रकाची मागची बाजू कोरी होती. टिलरच्या बॉनेटवर ठेवून मी सुंदर लिहिलं. शेतकऱ्याच्या वहिवाटीचा हक्क, पर्यटनाच्या नावाखाली चाललेली बेपर्वाई, आणि तीव्र आंदोलनाचा इशारा. शेवटी सवयीने 'आपली नम्र' असंही लिहिलं, कारण आमच्या घरी सरकारला शिव्या घालतानासुद्धा शेवटी नम्रच असतात. काकीला वाचून दाखवलं.

"लय मोठं लिवलंस," ती म्हणाली. "त्यो धबधबा बघाया आलाय, परीक्षेला न्हाई. आन् ह्यात 'कृपा करून' कुटं हाय?"

मी म्हटलं, हक्काच्या गोष्टीत कृपा कसली. ती म्हणाली, मग लाव तिथं. मी कागद वायपरखाली खोचला. पाऊस लगेच तो वाचायला लागला.

टिलर थांबलेला, बायका बांधावर प्लॅस्टिकचे कागद पांघरून बसलेल्या, मुठी पाण्यात. वरच्या वाडीतून सावडीला आलेले एक आबा होते. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, जसं बाजारात बैलाभोवती मारतात. त्यांनी एका टायरवर पाय ठेवून दाबून बघितलं. मग म्हणाले की हिला उचलू.

मोरी ओलांडली की आमच्या शेतात आधी एक चिंचोळं खाचर लागतं, दोन बाजा शेजारी शेजारी टाकाव्यात एवढंच. त्याला तोंडाचं खाचर म्हणतात. टिलर त्याच्यावरूनच आत-बाहेर करतो, म्हणून ते शेवटपर्यंत कोरडं ठेवतात. त्याच्या पलीकडे खळं आहे, जिथे दिवाळीच्या सुमाराला भात झोडतात. पावसाळ्यात ते रिकामंच असतं, उंच आणि घट्ट. आबांचा बेत असा, की गाडी तिथे नेऊन ठेवायची, टिलरला वाट मोकळी, आणि गाडीलाही चिखल लागायचा नाही.

सगळी सावड गाडीला भिडली. एकदम उचलता येत नाही, हिसके देऊन देऊन सरकवावी लागते. आबांनी हाळी द्यायची आणि सगळ्यांनी जोर करायचा. पहिल्याच हिसक्याला गाडी भोंगा वाजवून बोंबलायला लागली. बायका दचकून मागे सरल्या, कुत्री पळाली. आबांनी तिच्या टपावर हात फिरवला.

"गप, गप. कुटं न्हेत न्हाई तुला."

ती गप बसली नाही. तशीच ओरडत ओरडत, हिसक्या-हिसक्याने, ती मोरीवरून तोंडाच्या खाचरात आणि तिथून खळ्यावर गेली. माझा चुलतभाऊ मागून सांगत होता की ओरखडा पडता कामा नये, कारण ओरखडा पडला की मग आपण चूक ठरतो. एकही पडला नाही. मला मात्र हे सगळं आंदोलन वाटत होतं. मी घोषणाही तयार केली होती, पण देताना लक्षात आलं की सगळ्यांचे श्वास जोर लावण्यात खर्च होत आहेत, मागून साथ द्यायला कुणी उरलेलं नाही.

टिलर आत गेला. मग काय होतं ते ज्यांनी आवणी केली आहे त्यांना माहीत आहे. एकदा वाकलात की तुमचं जग म्हणजे तुमचे दोन पाय, मधला चिखल आणि हातातलं रोप. मागे मागे सरत लावत जायचं. कुणीतरी गाणं सुरू करतं, कुणीतरी कुणाच्या सुनेची नक्कल करतं, पण मान वर कुणी करत नाही. खालची खाचरं झाली, मधली झाली. भोंगा कधी थांबला कळलंही नाही. माझं जॅकेट मी गाडीच्या आरशाला अडकवलं होतं, काकीने पाण्याची कळशी तिच्या बॉनेटवर ठेवली होती. दुपारपर्यंत ती गाडी आम्हाला दिसेनाशी झाली होती, घरातलं कपाट दिसेनासं होतं तशी.

सगळ्यात शेवटी, पद्धतीप्रमाणे, तोंडाचं खाचर. टिलरने बाहेर पडता पडता तेही चिखललं, भाऊ तो घेऊन पुढच्या शेताकडे गेला, काकीने बांध फोडून पाणी घेतलं. या खाचरातली शेवटची मूठ घरच्या बाईने लावायची असते. काकीने ती लावली, रोपांना हात जोडले आणि मोरीवर आली. आवणी झाली होती. दिवस हातात होता. आम्ही गटारात पाय धूत होतो आणि काकी भाकरीचं टोपलं सोडत होती, तेवढ्यात तिघे आले.

तरुण आधी मोरीपाशी आला. मोरी रिकामी होती. त्याने रस्त्यावर वर बघितलं, खाली बघितलं. खिशातली किल्ली काढून दाबली. खळ्यावरून टुक असा आवाज आला आणि दिवे लागले-विझले.

गाडी खळ्यावर उभी होती, आरशाला माझं जॅकेट, बॉनेटवर कळशी. आणि तिच्या चारी बाजूंना, मोरीपर्यंत, नुकतं लावलेलं हिरवंगार भात.

"माझी गाडी तिकडे कुणी नेली?"

"आमीच," आबा म्हणाले. "उन्हापावसाची रस्त्यावर कुटं ठिवायची."

"आणि आता मी ती बाहेर कशी काढू?"

आम्ही सगळे वळून खळ्याकडे बघायला लागलो. तुमचा विश्वास बसणार नाही, आणि त्या तरुणाचाही बसला नाही, पण शपथेवर सांगते, हा विचार आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. तोंडाचं खाचर शेवटी लावतात. ते लावून झालं की शेतातलं सगळं बाहेर आलेलं असतं. आजवर कधी आत गाडी राहिलेली नव्हती. सूड म्हणून केलं असतं तर मी अभिमानाने लिहिलं असतं. आम्ही ते फक्त सवयीने केलं होतं.

काकीचा चेहरा उतरला. लावलेल्या खाचरात पाय घालू नये हे तिनेच मला शिकवलं, आणि आल्या माणसाची जायची वाट बुजवू नये हेही तिनेच. दोन्ही एकाच वेळी पाळता येईनात.

तरुणाचा आवाज चढायला लागला. गाडीला हात लावायचा अधिकार कुणी दिला, पोलिसांना बोलवू का, वगैरे. आबा आपले अदबीने सुचवत होते की दिवाळीला या, भात कापलं की मोकळीच आहे, तोवर आम्ही पुसून ठेवू. त्याने तो आणखीच तापला. त्याची बायको एकीकडे त्याला शांत करत होती आणि एकीकडे खळ्याचा फोटो काढत होती. आणि मी पुढे झाले. माझा दिवस आला होता. मी वहिवाटीच्या हक्कापासून सुरुवात केली, पर्यटनावर आले, आणि गाडी पीक निघेपर्यंत तिथेच राहील असं जाहीर केलं.

काकीने माझा दंड धरला.

"तुजं पत्रक मागनं काढ. आदी मानसं जेवली का त्ये इचार."

हे ती हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तरुणाच्या आईने लगेच सांगून टाकलं की नाही, जेवलेलो नाही, धबधब्यावर इतकी गर्दी होती की नुसतं उभं राहून परत आलो. काकीने टोपल्याच्या शेजारी पोतं अंथरलं. आई बसली. सून बसली. तरुण थोडा वेळ उभा राहिला, पण बसलेल्या माणसांशी उभ्याने भांडणं अवघड असतं. तोही बसला.

तांदळाची भाकरी, पिठलं आणि ओल्या मिरचीचा ठेचा. ठेच्याने त्याचे डोळे भरून आले, त्यामुळे पुढचं तो रागाने बोलला की कसा, हे कळायला मार्ग नव्हता. मग त्याने खिशातून एक ओला लगदा काढला. माझं पत्रक. आम्ही गाडी उचलताना ते गळून रस्त्यावर पडलं होतं, ते त्याने गाडी शोधताना उचललं असावं. शाई वाहून गेली होती. हक्क गेला होता, बेपर्वाई गेली होती, इशाराही गेला होता. घडीच्या आत दोनच शब्द वाचण्यासारखे उरले होते, 'आपली नम्र'.

"हे तुम्ही ठेवलं होतं का?" त्याने काकीला विचारलं.

काकीने माझ्याकडे बघितलं. मी पिठल्याकडे बघितलं.

त्याने कागद नीट घडी करून परत खिशात ठेवला, हात धुतले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून बोलला. "मावशी, सकाळी तुम्ही सांगत होतात, मी ऐकून घेतलं नाही. आता गाडी काढायला मी काय करू, तुम्ही सांगा."

काकी उठली. तिचं चुकल्यासारखं तोंड एका क्षणात आवणीच्या मालकिणीचं झालं.

"बूट काढा," ती म्हणाली.

आमच्या गावात कुणा ना कुणा पुणेकराचा बंगला कायम बांधून होत असतो. तिथून आबांनी परांचीच्या दोन लांब फळ्या विचारून आणल्या. काकीने सांगितलं, चाकांपुरते दोनच पट्टे मोकळे करायचे, आणि रोप ओढायचं नाही, मुळाखाली बोटं घालून चिखलासकट काढायचं. मग मी एक दृश्य बघितलं, ज्यासाठी कुठल्याही पत्रकात जागा नाही. इस्त्रीची पँट गुडघ्यावर दुमडलेला तो तरुण, त्याची बायको, वाडीचे आबा आणि मी, एका ओळीत वाकलेलो. त्याची आई बांधावरून सूचना करत होती की अरे, घाई करू नकोस, लावलेलं आहे ते कुणीतरी. सकाळी मागे वळून बघण्यापेक्षा हे म्हणाली असती तर, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण काकीचा हात अजून माझ्या दंडावर असल्यासारखा वाटत होता.

फळ्या टाकल्या. गाडी इंचाइंचाने त्यांच्यावरून आली, शेवटच्या टप्प्याला मागचं चाक सटकलं आणि माझ्या तोंडावर चिखल उडाला. तरुण काच खाली करून सॉरी म्हणाला. मीही तोंड पुसत 'असू दे' म्हटलं. ते मला नंतर किती तरी दिवस पटलं नाही.

गाडी निघाली म्हणजे काम संपलं नव्हतं. पट्टे परत भरायचे होते. तिघे तसेच निघून गेले असते तरी आम्ही काही म्हटलं नसतं, पण तरुण गाडी नीट, रस्त्याकडेला, दुसऱ्या कुणाची वाट अडणार नाही अशी लावून परत आला. लावण्याआधी त्याने समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा इतका गोंधळला की त्याने उठून त्याला चहाच विचारला. मग दोन्ही पट्टे त्याने आणि त्याच्या बायकोने लावले. शेवटची मूठ मात्र पुन्हा काकीनेच लावली, पुन्हा हात जोडले. रोपांनाही कदाचित वाटलं असेल की आज या बाईचं काय चाललंय.

त्या दोन ओळी फार वाकड्या लागल्या. सावडीतल्या बायका जाता-येता त्यांच्याकडे बघून हसायच्या. भात मात्र तिथेही इतरांसारखंच आलं. खळ्यावर झोडून झाल्यावर काकीचं वर्षाचं नेहमीएवढं भरलं, आणि 'चौदा नंबरवाल्यांची ओळ' म्हणून आम्ही तो तुकडा आता ओळखतो. आबांचं म्हणणं असं की पुढच्या वर्षी दोन गाड्या अडवल्या तर आवणी आणखी लवकर उरकेल.

मी पुष्कळ विचार केला. माझ्या मूळ पत्रकात बऱ्याच मागण्या होत्या, आणि त्या सगळ्या न्याय्य होत्या, त्यातली एकही मी सोडलेली नाही. रस्ता, कचरा, पार्किंगची जागा, या गोष्टी ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत मागतच राहू, त्याची पत्रकं वेगळी निघतील. पण काकीने विचारलेली 'कृपा करून' ही गोष्ट त्यांत कुठे बसवायची ते मला कळत नव्हतं. म्हणून हे वेगळं पत्रक. यात एकच मागणी आहे आणि ती कृपा करून वाचावी.

पुढच्या वेळी आमच्याकडे याल, जरूर या, तेव्हा गाडी बंद करण्याआधी काच खाली करा. बांधावर, ओट्यावर, टपरीवर कुणीतरी असतंच. त्या माणसाकडे बघा आणि विचारा, "इथे लावली तर चालेल का?" उत्तर येईपर्यंत थांबा. कुणीच दिसलं नाही तर उतरून चाकांपुढे काय आहे ते बघा, आणि मोरी दिसली तर गाडी पुढे घ्या. नाहीतर काकीची सावड आहेच, आणि तोंडाचं खाचर आम्ही अजूनही शेवटीच लावतो.